डोळा लागताच बसणारा दचका : काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

डोळा लागतो न लागतो तोच पायरी चुकल्यासारखा पाय हिसकतो, छाती धडधडते आणि माणूस खाडकन जागा होतो. गोव्यात फोंड्याला असलेल्या माझ्या फार्मसीच्या काउंटरवर ही तक्रार आठवड्यातून एकदा तरी येते. सांगणाऱ्याने तोवर तीन गोष्टी उरकलेल्या असतात. शेजाऱ्याकडची झोपेची गोळी अर्धी करून घेतलेली असते, ईसीजी काढलेला असतो आणि घरातल्या कुणीतरी दृष्ट काढलेली असते. दृष्ट काढल्याने काही बिघडत नाही. गोळीने मात्र बिघडतं, आणि ईसीजी नॉर्मल आला तरी दचका थांबत नाही तो नाहीच.

जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर स्नायू एकदम आखडून सेकंदाच्या आत सैल होतात, तो हा दचका. दहापैकी सहा-सात जणांना तो कधी ना कधी बसतो. एखाद-दुसरा बसला तर काहीच करायचं नाही. तो रोज यायला लागला, एका रात्रीत चार-पाचदा उठवू लागला किंवा त्याच्या धास्तीने अंथरुणाकडे जायलाच नको वाटू लागलं, तर पुढचं वाचा. सगळे चुकतात ते एका ठिकाणी: दचका रात्री बसतो म्हणून उपायही रात्रीच करतात. काम दुपारपासून सुरू करावं लागतं.

टप्पे याच क्रमाने घ्या. सगळं एका दिवशी बदललंत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही, आणि आठव्या दिवशी सगळंच सुटेल.

## तयारी : वही, साक्षीदार आणि औषधांची पिशवी

शाळकरी वही पुरते. रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, तिच्यात एक ओळ लिहायची: रात्री किती वाजता आडवे झालात, सकाळी किती वाजता उठलात, दचके अंदाजे किती, शरीराचा कुठला भाग हलला, आदल्या दिवशीचा शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता, तंबाखू-दारू, दुपारची झोप किती वेळ, आणि त्या दिवशी काही वेगळं घडलं असेल तर तेही. भांडण, जागरण, परीक्षा, प्रवास, काहीही.

पहिल्या सात रात्री फक्त लिहा, काही बदलू नका. लोकांना हे जमत नाही. दुसऱ्याच दिवशी कॉफी सोडून तिसऱ्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सांगायला येतात.

चूक दुसरी: दचका बसला की दिवा लावून तेव्हाच लिहायला बसणं. नोंद सकाळी, आठवेल तेवढीच. चार होते की पाच, याने काही अडत नाही.

शेजारी झोपणाऱ्याला विचारा. घोरणं, श्वास अडकणं, झोपेत पाय पुन्हा पुन्हा झाडणं हे तुम्हाला कळत नाही, त्याला कळतं. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळावर विसंबू नका. ते हालचाल मोजतं. दचका कुठला आणि कूस बदलणं कुठलं, हे त्याला नीट उमगत नाही.

शेवटी घरातल्या तुमच्या सगळ्या गोळ्या, थेंब, इनहेलर, चूर्णं, ‘ताकदीच्या’ बाटल्या एका पिशवीत घाला. टप्पा 2 मध्ये ती लागेल.

## टप्पा 1 : दचका कोणता, ते आधी ठरवा

या टप्प्यावर घाई करू नका. ‘झटका बसतो’ या एका शब्दाखाली काउंटरवर निदान आठ वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी असते.

साधा दचका. झोप लागण्याच्या क्षणीच येतो. एक हात, एक पाय किंवा सगळं अंग एकदा हिसकतं. सोबत खड्ड्यात किंवा विहिरीत पडल्याचा भास होतो, कधी डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होतं. काळीज धडधडतं, पण आपण कुठे आहोत, काय झालं हे लगेच कळतं. हा लेख याच्यासाठी आहे.

डोक्यात स्फोट. बंदूक उडावी किंवा दार आपटावं तसा मोठा आवाज डोक्यातच होतो, दुखत मात्र काही नाही. भीती भयंकर वाटते, धोका नसतो, आणि खालचे सगळे टप्पे यालाही चालतात. आपल्याकडे एक तपासणी आधी करायची: आवाज खरा होता का? महिनाभर ‘डोक्यात बॉम्ब फुटतो’ म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या न्हाणीघराच्या पत्र्यावर शेजारच्या माडाच्या सुक्या झावळ्या पडत होत्या. माड साफ करून घेतला आणि बॉम्ब थांबले.

पायांची वळवळ. झोप यायच्या आधीच, संध्याकाळपासून, पोटऱ्यांत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हलवले की बरं वाटतं. हा दचका नव्हे. शरीरातला लोहाचा साठा कमी असला की हे होतं, म्हणून रक्त तपासायला हवं.

झोपेत पाय झाडणं. तुम्ही गाढ झोपलेले, आणि दर वीस ते चाळीस सेकंदांनी पायाचा अंगठा-घोटा वर ओढला जातो. हे तुम्ही नाही, शेजारचा सांगतो.

पोट-पाठीचे हिसके. जागे आहात, पडून अंग सैल सोडलं आहे आणि पोटापासून धड पुन्हा पुन्हा वाकतंय. उठून बसलं किंवा कुणाशी बोललं की थांबतं. यासाठी न्यूरॉलॉजिस्ट.

सकाळचे हिसके. झोपताना नाही, उठल्यावर तासाभरात. हातातून दात घासायचा ब्रश किंवा चहाचा कप उडतो, जागरणानंतर जास्त. विशेषतः शाळा-कॉलेजच्या वयात. ही अपस्माराची सुरुवात असू शकते. ‘पोरगं धांदरट आहे’ म्हणून सोडू नका.

गुदमरून उठणं. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबणं, मग धापा टाकत जाग येणं, दिवसा पेंग. झोपेत श्वास अडकण्याचा हा आजार रक्तदाब वाढवतो. तो वहीने बरा होत नाही, त्याची तपासणी करावी लागते.

डोक्यात विजेचा करंट. डोळे फिरवले की डोक्यात झर्रकन करंट जातो, दिवसाही. नैराश्याची किंवा चिंतेची गोळी नुकतीच बंद केली, किंवा दोन दिवस घ्यायची राहिली, तर असं होतं.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक जादा गोष्ट पाहायची. दचकून जाग आली आणि अंग घामाने भिजलेलं, हात थरथरताहेत, पोटात खड्डा पडलाय, असं असेल तर झोपेचा विचार बाजूला ठेवून साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी आधी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणं, आणि सकाळी डॉक्टरांना फोन. मशीन हाताशी नसेल तर साखर घ्याच.

जाग आली पण हात-पाय हलेनात, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं, तर तो आणखी वेगळा प्रकार आहे. काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत तो आपोआप सुटतो. छातीवर कुणी बसलेलं नसतं, हे आजीला पटवायच्या भानगडीत पडू नका. स्वतःला पटलं तरी पुरे.

इथेच थांबा आणि डॉक्टरकडे जा, पुढचे टप्पे नकोत, जर:
- हिसक्यांनंतर जीभ चावलेली, अंथरुण ओलं झालेलं किंवा बराच वेळ भान हरपलेलं असेल
- रोज त्याच बाजूचा, त्याच पद्धतीचा हिसका येत असेल
- हिसके दिवसाही येत असतील, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाले असतील
- मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असून हिसके नव्याने सुरू झाले असतील
- छातीत दुखून ते हात-जबड्याकडे जात असेल, बोलणं अडखळत असेल: या वेळी वाट न पाहता 108

तान्ह्या बाळांना हा लेख लागू नाही. काही महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्यावर ओळीने आठ-दहा वेळा पुढे वाकून हिसके देत असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ.

## टप्पा 2 : पिशवी उलटी करा

सर्दी-डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन असतं. नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी, दम्याच्या काही गोळ्यांनी झोप उथळ होते. स्टेरॉइड सकाळऐवजी रात्री घेतलं की डोळा मिटत नाही. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तर अंगात हुरहुर राहते. नैराश्य आणि चिंतेवरच्या काही औषधांनी दचके वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

पिशवी घेऊन तुमच्या डॉक्टरकडे किंवा फार्मसिस्टकडे जा आणि एवढंच विचारा: यातली कोणती सकाळी घेता येईल? बऱ्याचदा वेळ बदलली तरी भागतं.

सावध: कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. नैराश्याची गोळी अचानक तोडली की वर सांगितलेले करंट सुरू होतात. फिट येण्याच्या आजाराची गोळी तोडली तर फिट येते. झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल आणि एकदम थांबवली, तर झोप आधीपेक्षा वाईट होते आणि कधी कधी फिटही येते. ती उतरवत न्यायची असते, तीही डॉक्टरांनी.

उसनी गोळी तर नकोच. शेजारच्या वहिनींना जो डोस चालतो, त्याने तुम्ही सकाळी स्कूटरवर पेंगाल.

## टप्पा 3 : चहाचा हिशेब, मग तंबाखू, मग दारू

आता आठव्या दिवसापासून पहिला बदल. एकट्या या टप्प्यावरच बऱ्याच जणांचं काम होतं, म्हणून इथे जरा रेंगाळू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत 150 मिलिलिटरच्या कपाचे आकडे दिले आहेत: चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, फिल्टर कॉफीत 80 ते 120. दिवसाची मर्यादा 300. उकळून उकळून केलेला आपला कडक चहा वरच्या आकड्याकडे झुकणार हे उघड आहे.

आता वेळेचं गणित. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी अर्धं शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला भज्यांबरोबर दोन कप चहा झाला, म्हणजे समजा 100 मिलिग्रॅम. रात्री साडेदहाला त्यातलं 50 अंगात आहे. पहाटे साडेतीनला 25. ‘मी तर चहा पिऊनही लगेच झोपतो’ हे वाक्य मला रोज ऐकायला मिळतं. झोपता, खरं आहे. पण झोप उथळ राहते आणि उंबरठ्यावरची ओढाताण वाढते. दचक्याला हेच हवं असतं.

करायचं असं:

1. दिवसात एकूण किती कप, ते वहीतून मोजा. अर्धा कप आणि ‘कटिंग’ही धरा. थंड कोला आणि एनर्जी ड्रिंकही धरा. 250 मिलिलिटरच्या एनर्जी ड्रिंकच्या डब्यात साधारण 75 ते 80 मिलिग्रॅम असतं.
2. सगळ्यात उशिराचा कप आधी काढा. सकाळचा शेवटी, किंवा राहू द्या.
3. दर तीन दिवसांनी एकच कप कमी. एका दिवसात सगळं तोडलं तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, आणि ‘चहा सोडल्यावर तर जास्तच त्रास’ असा उलटा निष्कर्ष निघतो.
4. शेवटची वेळ दुपारी दोन. दहाच्या आधी झोपणाऱ्यांनी आणखी अलीकडे.

संध्याकाळी हात रिकामे राहत नाहीत, हे मान्य. सोलकढी, पातळ ताक किंवा कोमट पाणी-जिरं असलं काहीतरी कपात घालून हातात धरा. पाहुण्यांकडे चहाला नाही म्हणणं अवघड जातं. तिथे ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे खोटं बोलायला माझी परवानगी आहे.

तंबाखू. निकोटीन उत्तेजक आहे, शांत करणारं नाही. ओढल्यावर वाटणारी शांतता ही तलफ भागल्याची असते. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत सिगरेट-विडी नको. आणि हे मुद्दाम लिहितोय: रात्री दात घासायची मशेरी किंवा तपकिरीची पेस्ट हीसुद्धा तंबाखूच आहे. घरच्या बायका ती तंबाखूत मोजत नाहीत. एका काकूंच्या वहीत चहा दुपारनंतर नव्हता, दारू नव्हती, काहीच नव्हतं, आणि रोज रात्री दहाला मशेरी होती.

दारू. उन्हाळ्यात उर्राक (काजूच्या बोंडांची दारू) सुरू झाला की ‘दोन पेग घेतले की दचका येत नाही’ म्हणणारे भेटतात. डोळा लवकर लागतो, हे खरंच. मग रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते आणि पुढच्या रात्री आधीची उधारी अंगावर येते. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करायची नाही: थरथर, घाम, भास सुरू झाले तर तो वेगळा आणि गंभीर प्रकार आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीही नाही. श्वास मंदावून माणूस जातो.

तपासा: टप्पा 3 सुरू करून दहा दिवस झाल्यावर वहीतले दचके मोजा. पहिल्या आठवड्याच्या निम्म्यावर आले असतील तर पुढचं सगळं करायची गरज नाही. आहे तेच चालू ठेवा.

## टप्पा 4 : झोपेची उधारी, आणि दुपारची आपली झोप

अपुरी झोप हे दचक्याचं मोठं कारण. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास लागतात. पाच तास झोपून रविवारी दहा तास झोपल्याने हिशेब जुळत नाही.

आधी उठायची वेळ बांधा, झोपायची नव्हे. उलट केलं की फसतं: ‘आजपासून दहाला झोपणार’ म्हणून माणूस दहाला आडवा होतो, झोप येत नाही, वाट पाहतो आणि वाट पाहता पाहता दचकतो. सुट्टी धरून रोज एकाच वेळी उठा, मग रात्री झोप आपणहून अलीकडे सरकते. झोप आल्यावरच अंथरुणात जा.

आता आपल्या नाजूक विषयाकडे. दुपारी एकला शटर खाली, चारला वर, मध्ये हुमण-भात आणि पंखा. मी स्वतः वर्षानुवर्षं दीड-दोन तास झोपत होतो आणि रात्री साडेअकराला दचकून उठत होतो. दुपारची झोप सोडा, असं मी सांगणार नाही. सांगितलं तरी गोव्यात कोण ऐकणार? पण गजर वीस ते तीस मिनिटांचा लावा, आणि तीन वाजायच्या आत उठा. बिछान्याऐवजी आरामखुर्ची किंवा सोप्यावरचा बाक घ्या. तिथे जास्त झोपवत नाही.

कालोत्सवांचा (देवळांतल्या जत्रांचा) मोसम सुरू झाला की रात्रभर नाटकं. जागरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री दचके वाढणार, हे गृहीत धरा. जागरणाच्या आधी दुपारी दीड तास झोपून घ्या (ही एकच सूट), मध्यरात्रीनंतर चहा नको, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळत न राहता नेहमीच्या वेळेपेक्षा फार तर दोन तास उशिरा उठा.

वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत, हॉटेलांत किंवा मांडवीतल्या कॅसिनोंवर रात्रपाळी करणाऱ्यांनी दिवसाच्या वेळा उलट्या लावायच्या. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच. घरी येताना डोळ्यांवर काळा चष्मा. खिडकीला जाड पडदा किंवा सरळ चादर. घरच्यांना सांगून ठेवा की दुपारी मिक्सर नको.

सावध: गाडी चालवताना मान खाली जाऊन दचका बसला, तर तो सावध झाल्याचा दचका नव्हे, तुम्ही झोपला होतात. बोरीचा पूल असो की अनमोडचा घाट, पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे थांबा आणि वीस मिनिटं झोपा. काच खाली करून आणि गाणी लावून झोप जात नाही.

## टप्पा 5 : संध्याकाळ

इथे थोडक्यात. दमवणारा व्यायाम, फुटबॉल, जिम झोपेच्या तीन तास आधी आटपा. चालणं कधीही चालेल. रात्रीचं जेवण दोन-तीन तास आधी. आमच्याकडे जेवणं उशिरा होतात, तेव्हा निदान भात कमी घ्या आणि जेवल्या जेवल्या आडवे होऊ नका. मोबाइल झोपण्याच्या तासभर आधी दुसऱ्या खोलीत. त्याच्या उजेडाइतकाच त्यातल्या बातम्यांचा आणि कुटुंबाच्या ग्रुपचाही त्रास असतो.

उकाडा हा मात्र आपला खास प्रश्न. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात दमट हवेत घाम सुकत नाही, ते उतरत नाही आणि माणूस उंबरठ्यावर लोंबकळत राहतो. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. गार पाण्याने नव्हे. कोमट पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि उष्णता बाहेर जाते. एसी असेल तर 24-26 वर, सोबत पंखा. नसेल तर सुती चादर, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, डासांना मच्छरदाणी.

## टप्पा 6 : अंथरुणात, पहिली दहा मिनिटं

दचक्याची वाट पाहणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. ‘आता येईल, आता येईल’ म्हणत अंग ताठ करून पडलं की तो येतोच. मनाला दुसरं काम द्या:

1. हात-पाय पलंगाच्या कडेबाहेर लोंबकळत ठेवू नका. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. याला मोठा शास्त्राधार मी देऊ शकत नाही, मला आणि माझ्या काही गिऱ्हाइकांना उपयोगी पडलं इतकंच.
2. पायाची बोटं पाच सेकंद आवळा, मग पंधरा सेकंद पूर्ण सैल सोडा. पुढे मांड्या, पोट, मुठी, खांदे, चेहरा, याच क्रमाने. पोटऱ्यांत गोळा येत असेल तर त्या जोरात आवळू नका. श्वास रोखायचा नाही.
3. मग नाकाने चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. असे तीस श्वास, म्हणजे पाचेक मिनिटं. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून. चुकली म्हणजे झोप जवळ आली.

ज्यांना जप जमतो त्यांनी आकड्यांऐवजी नाम घ्यावं. श्वास बाहेर जायला आत येण्यापेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे, एवढंच सांभाळा.

हे दिवसा दोनदा करून सवय करा. पहिल्यांदाच रात्री केलं तर जमत नाही आणि न जमल्याचाच ताण येतो.

## टप्पा 7 : दचका बसलाच, तर पहिली दोन मिनिटं

रात्र दचक्याने बिघडत नाही. त्यानंतर आपण जे करतो त्याने बिघडते.

करू नका: उठून बसणं, दिवा लावणं, घड्याळ पाहणं, नाडी मोजणं, बोटाला ऑक्सिमीटर लावणं, बीपीचं मशीन काढणं, मोबाइलवर लक्षणं शोधणं. दचक्यानंतर काळीज काही क्षण जोरात धडधडतं, तेव्हा मशीनवर आकडा वाढलेलाच दिसणार. तो पाहून घाबराल, मग आणखी वाढेल. रात्री दोनला ‘बीपी 160 आलंय’ म्हणून फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण सकाळी दुकानात 124 असतात.

करा: डोळे मिटलेलेच ठेवा. मनात म्हणा, ‘दचका होता, झाला.’ श्वास बाहेर सोडा, लांब. कूस बदला. पुन्हा चार-सहाची मोजणी.

शेजारच्या माणसाने ‘काय झालं? काय झालं?’ करू नये, हे दिवसा सांगून ठेवा. नुसता पाठीवर हात ठेवला तरी चालेल.

अंदाजे वीस मिनिटं होऊनही झोप नाही (घड्याळ न पाहता, अंदाजानेच), तर उठा. मंद दिव्यात खुर्चीवर बसून कंटाळवाणं काहीतरी करा: तांदूळ निवडा, जुनं मासिक वाचा, कपड्यांच्या घड्या घाला. डोळे जड झाल्यावरच परत या. अंथरुणात तळमळत राहिलं की अंथरुण म्हणजे तळमळ, अशी अंगाला सवय लागते आणि ती मोडायला महिने जातात.

चिंता एखाद्याच विषयाची असेल, कर्ज, पोरांचं लग्न, कोर्टाची तारीख, तर संध्याकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटं कागद घेऊन बसा. विषय लिहा, उद्या करायची एक कृती लिहा, कागद कपाटात ठेवा. मन फारच जड झालं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

## टप्पा 8 : महिन्यानंतरचा हिशेब आणि डॉक्टरकडे जाणं

चार आठवड्यांनी वही उघडून पहिला आणि शेवटचा आठवडा शेजारी ठेवा. शून्य दचके हे उद्दिष्ट धरू नका, ते कुणाचंच होत नाही. आठवड्याला एक-दोन, आणि दचकल्यावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा झोप, इतकं झालं की काम झालं.

मॅग्नेशियमच्या गोळ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. दचके त्याने थांबतात असा भक्कम पुरावा नाही. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. मी विकतो, तरी सांगतो.

फरक नसेल, किंवा टप्पा 1 मधलं दुसरं काही वाटत असेल, तर आधी नेहमीचे डॉक्टर. पायांच्या वळवळीसाठी नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिता असू शकतो. गरजेप्रमाणे मूत्रपिंड, थायरॉइड, साखर. पुढे न्यूरॉलॉजिस्ट लागले तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) तो विभाग आहे. चिंता आणि निद्रानाश मुख्य असेल तर तिथलीच आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था. नाव ऐकून लोक बिचकतात. बिचकायचं काही कारण नाही, झोपेच्या तक्रारीसाठी तिथे जाणारे भरपूर असतात.

सोबत न्यायच्या वस्तू तीन: वही, औषधांची पिशवी आणि हिसक्यांचा व्हिडिओ. डॉक्टरांसमोर हिसका येत नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने जे कळतं ते दहा मिनिटं वर्णन करून कळत नाही. घरच्यांना सांगा, पांघरूण पायांवरून बाजूला करा, मोबाइल आडवा धरा, आणि कोपऱ्यात एक लहान दिवा चालू राहू द्या. पूर्ण अंधारात काढलेला, नुसता पंख्याचा आवाज असलेला काळा व्हिडिओ घेऊन आलेले मी आजवर बरेच पाहिलेत.